रिपोर्टात शब्द एकच, मग औषध वेगळं काहून?

ब्रॉन्किओलायटिस हा शब्द आपल्याकडे बहुतेकांनी ऐकला तो लहान लेकरांच्या दवाखान्यात. दोन वर्षांच्या आतलं पोरगं, आधी सर्दी, मग छातीत घरघर, दूध पिताना धाप, आणि डॉक्टर म्हणतात व्हायरल आहे, बहुतेक वेळा आरएसव्ही नावाच्या व्हायरसचं, ऑक्सिजन आणि अंगातलं पाणी सांभाळलं की उतरते. लेकरांचं ते बरोबरच आहे. पण पन्नाशीच्या माणसाच्या सिटी स्कॅनमध्ये हेच लिहून आलं की घरात गोंधळ सुरू होतो, कारण मोठ्या माणसात याला दहा कारणं असू शकतात आणि औषध त्या कारणाला द्यायचं असते.

मी तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही, पण चिठ्ठ्या रोज हातातून जातात आणि लोक रिपोर्ट काउंटरवर उलगडूनच बसतात. परवा एक काकाजी आले, सोबत गावातलाच दुसरा पेशंट, आणि सरळ विचारलं, "भाऊ, याच्या रिपोर्टात जे लिवलं तेच माह्या रिपोर्टात हाय, मंग याले सहा महिन्याच्या गोळ्या न मले नुसतं बिडी सोड म्हंते, असं काहून?" प्रश्न एकदम खरा आहे. दोघांच्याही डॉक्टरांनी बरोबर केलं होतं, फक्त समजावून सांगायला ओपीडीत वेळ नसतो, तर ते इथे लिहितो.

आधी जागा समजून घ्या. नाकातून हवा गेली की मोठी श्वासनळी, तिला फाटे, त्याला आणखी फाटे, असं करत करत शेवटी २ मिलिमीटरपेक्षाही बारीक नळ्या येतात, त्यांच्या भिंतीत कुर्चा नसते, त्यांना ब्रॉन्किओल म्हणतात, आणि त्यांना सूज आली की ब्रॉन्किओलायटिस. संत्र्याच्या बगीच्यातल्या ठिबकसारखं धरा. मेन लाईनला प्रेशर बरोबर, फिल्टर साफ, मोटर चालू, तरी झाडं मान टाकायला लागली तर ड्रिपर चोक झालेले असतात, आणि बरेचसे चोक होईपर्यंत धुऱ्यावर उभं राहून काहीच कळत नाही. फुफ्फुसाचंही असंच, हवेला जो एकूण अडथळा होतो त्यात या बारीक नळ्यांचा वाटा जेमतेम १० ते २० टक्के, म्हणून त्यातल्या बऱ्याचशा बिघडल्या तरी माणूस आपला वखर हाकत असतो, न जेव्हा धाप लागते तेव्हा नुकसान जुनं झालेलं असते. आता ड्रिपर क्षारानं चोक झाला तर आपण ऍसिड सोडतो, शेवाळानं झाला तर क्लोरीन, आणि बंडीच्या चाकाखाली नळी चेपली असेल तर दोन्ही सोडून काही होत नाही. उपचाराची सगळी गोष्ट इथंच आहे, बाकी तपशील.

म्हणून पहिलं काम ओळखण्याचं, आणि तेच सगळ्यात जास्त चुकते. छातीचा साधा एक्स-रे बऱ्याचदा एकदम क्लिअर येतो. मग "एक्स-रे नॉर्मल आहे, दमा असंल" म्हणून पंप सुरू होतो, पंपानं थोडं बरं वाटते नाही वाटते, असं वर्ष निघून जाते. खऱ्या दम्यात फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, पंपाच्या आधी आणि नंतर केली तर आकडा चांगला सुधारतो, आणि बारीक नळ्या आकसून गेल्या असतील तर पंप मारूनही आकडा जागचा हलत नाही. ही टेस्ट स्वस्त आहे, दुखत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी होते, तरी कितीतरी जुन्या दमेकऱ्यांनी आयुष्यात एकदाही फुंकलेलं नाही याचं मला नेहमी नवल वाटते. त्यानंतर एचआरसीटी, म्हणजे बारीक कापांचा सिटी, आणि तो श्वास आत घेऊन एकदा आणि पूर्ण सोडून एकदा असा दोनदा पाहिजे, कारण सोडल्यावर ज्या भागातली हवा बाहेर निघत नाही तो भाग काळा राहतो न बाकीचा पांढुरका होतो, अशी गोधडीसारखी चित्तरपट्टी दिसली की नळ्या अडल्या हे कळते. नुसता आत घेऊन काढलेला फोटो असला तर हे निसटू शकते.

आता कारणं. आपल्या भागात सगळ्यात आधी टीबीचा विचार झाला पाहिजे, हे मी ठासून सांगतो. टीबीचे जंतू मोठ्या नळीतून बारीक नळ्यांत पसरले की सिटीत फांदीला कळ्या फुटल्यासारखं दिसते, रिपोर्टात त्याला ट्री-इन-बड लिहितात. हे चित्र बाकीच्या इन्फेक्शनमध्येही येते, अन्न श्वासनळीत जाण्यानंही येते, त्यामुळे चित्र पाहून टीबी ठरत नाही, पण आपल्या देशात हे दिसलं आणि बेडका तपासला नाही असं होता कामा नये. सकाळचा खोकून काढलेला बेडका पाहिजे, नुसती थुंकी नाही, तो सरकारी दवाखान्यात सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर फुकट तपासतात, आणि साधा टीबी निघाला तर सहा महिने औषध, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढे चार महिने तीन. तेही फुकट, वरून निक्षय पोषणचे महिन्याला १००० रुपये खात्यात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. काकाजीसोबतच्या माणसाच्या सहा महिन्याच्या गोळ्या त्या ह्या.

आणि टीबी नाही हे पक्कं झाल्याशिवाय स्टेरॉइड सुरू करणं म्हणजे आग दाबून ठेवण्याऐवजी तिला मोकळं रान देणं. सूज कमी होते, भूक लागते, पेशंट आठवडाभर खूश, आणि आतला टीबी पसरतो. गावोगावी कागदाच्या पुडीत ज्या बिननावाच्या बारीक गोळ्या बांधून मिळतात त्यात बऱ्याचदा हेच असते. "त्या पुडीनं लय आराम पडते" असं कोणी म्हटलं की मला तिथंच शंका येते. पुडी देणाऱ्याला नाव विचारा, नाव सांगत नसंल तर घेऊ नका. आणि महिनोन् महिने खाऊन झाली असंल तर एकाएकी बंदही करू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं थंडावलेलं असते, डॉक्टरच्या हाताखाली हळूहळू उतरवावी लागते. शुगरवाल्यांनी तर जास्तच जपावं.

बाकीचं इन्फेक्शन थोडक्यात. फ्लू, आरएसव्ही, ऍडिनोव्हायरस मोठ्यांनाही होतात, बहुतेकांचं आपोआप उतरते, अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. मायकोप्लाझ्मासारखा जंतू असला तर त्याचं अँटिबायोटिक चालते. क्वचित एखाद्याच्या नळ्या व्हायरस गेल्यावरही व्रण पडून आकसतात, त्याचं पुढे येतेच.

बिडी-सिगरेटवाल्यांचा प्रकार वेगळा. धुरानं बारीक नळ्यांत काळपट रंगाच्या पेशी जमतात, सिटीत धुरकट ठिपके दिसतात, आणि यावर मुख्य औषध एकच, बिडी बंद. कमी नाही, बंद. बरेच लोक एवढ्यानंच सुधारतात, स्टेरॉइडचा इथे फारसा फायदा दिसत नाही. काकाजींचं हेच होतं. त्यांना ते औषधच वाटत नव्हतं, "गोळी काहीच नाही देल्ली" ही त्यांची तक्रार. मी म्हटलं, काकाजी, गोळी नाही दिली कारण तुमच्या आजाराची गोळी तुमच्या खिशात आहे ती बाहेर फेकायची आहे. हसले, पण मग म्हणे, बिडी सोडून खर्रा चालू करू का. आता बोला! खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखू, त्याचा धूर नाही म्हणून या नळ्यांना तो त्रास नाही देणार, पण तोंड उघडणं बंद होईल, पुढे कॅन्सर, विदर्भात घरोघरी उदाहरणं आहेत. सुटत नसंल तर निकोटिनच्या गोळ्या-गम मिळतात, सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडायचा सल्ला फुकट मिळतो, ते विचारा.

शेतकऱ्यांनी कान देऊन वाचायचा भाग हा. सोयाबीन निघते ऑक्टोबरात, परतीचा पाऊस कधी कधी गंजीवरच येतो, मळणी होते, आणि ओलसर कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, तसंच गोठ्याच्या ढोलीत भरलं जाते. महिन्याभरात आतून गरम होते, वास येतो, पांढरी भुरी धरते. त्यातलं टोपलं भरताना जी धूळ उठते त्यात बुरशीचे आणि जंतूंचे बारीक कण असतात, ते थेट बारीक नळ्यांपर्यंत जातात. सगळ्यांना काही होत नाही. ज्याच्या शरीराला त्याची ऍलर्जी बसली त्याला सकाळी कुटार काढलं की चार ते आठ तासांनी, म्हणजे दुपार-संध्याकाळला, कणकण, थंडी, कोरडा खोकला, धाप, आणि दुसऱ्या दिवशी बरं. लोक याला मलेरिया म्हणतात, टायफाइड म्हणतात, सलाईन लावून येतात, आणि दोन दिवसांनी परत कुटारात. वेळेचा हा मेळ पेशंटनंच सांगितला तर कळते, डॉक्टरला स्वप्न पडत नाही. इंग्रजी पुस्तकात याला शेतकऱ्याचं फुफ्फुस असंच नाव आहे, मोठं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, आणि कबुतराच्या विष्ठेच्या धुळीनंही हेच होते. उपचार म्हणजे आधी त्या धुळीपासून माणूस दूर. कुटार वाळवूनच भरणं, भुरी आलेलं बाहेर काढून टाकणं, काढायचं काम घरात दुसऱ्यानं करणं, नाहीच जमलं तर एन-९५ मास्क घट्ट बांधून. दुपट्टा बांधून हे कण अडत नाहीत. जास्त झालं असंल तर डॉक्टर काही आठवडे स्टेरॉइड देतात, पण कुटार सुरूच ठेवलं तर ते स्टेरॉइड पाण्यात. आणि वर्षानुवर्षं असंच चालू राहिलं तर फुफ्फुस कडक होते, मग वाळवलेलं कुटारही उपयोगी नाही.

आता सगळ्यात वाईट प्रकार, ज्यात नळ्यांच्या भोवती व्रणाची गाठ बसून त्या आवळल्या जातात. चिठ्ठीवर ऑब्लिटरेटिव्ह किंवा कन्स्ट्रिक्टिव्ह लिहिलेलं असते. याचं एक ठळक कारण विषारी वायू. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला मिथाइल आयसोसायनेट सुटला, त्यातून वाचलेल्या कितीतरी लोकांना पुढे आयुष्यभर धाप राहिली, त्यात बारीक नळ्यांचा हा आजारही होता. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांत २००० साली हाच आजार ओळखला गेला, लोण्याचा वास आणणारं डायअसिटिल नावाचं रसायन नाकात जाऊन. म्हणजे वास चांगला असला म्हणून वायू चांगला नसतो.

आपल्याकडे असं कुठे होते विचाराल तर विहिरीत. खडक लागला की बार लावून उडवतात, आणि धूर पुरता निघायच्या आधी मजूर खाली उतरतो कारण कंत्राटदाराला घाई. त्या धुरात, विशेषतः तांबूस-पिवळट दिसला तर, नायट्रोजन डायऑक्साइड असतो. हा वायू फसवा. लगेच थोडं खोकलं, डोळे चुरचुरले, एवढंच. काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशीपर्यंत छातीत पाणी भरू शकते. त्यातून माणूस निघाला, बरा झाला, कामावर गेला, आणि दोन ते सहा आठवड्यांनी परत धाप सुरू, तेव्हा नळ्या आवळायला लागलेल्या असतात. मधल्या बऱ्या दिवसांमुळे विहिरीचा न या धापेचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही. म्हणून असा धूर नाकात गेला तर त्या दिवशी दवाखाना, डॉक्टर बऱ्याचदा काही आठवडे स्टेरॉइड देऊन नजर ठेवतात, आणि महिना-दीड महिन्यानं परत फुंकायची टेस्ट. घरातलं उदाहरण पाहिजे तर संडास साफ करायचं ऍसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र टाकणं, त्यातून क्लोरीन निघतो. दारखिडकी बंद करून हे करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. एकावेळी एकच वापरा न बाई.

वणी-चंद्रपूरकडच्या खाणीतली धूळही बारीक नळ्या खराब करते, ती धूळ बाहेर काढायचं औषध नाही, धुळीतलं काम बदलणं हाच उपचार, आणि दगडाची धूळ असंल तर टीबीची तपासणी पुन्हा पुन्हा. फवारणीच्या विषबाधेचं, जे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ ला झालं, ते प्रकरण वेगळं आहे, त्यात तिथल्या तिथे इमर्जन्सी उपचार लागतात, त्याला इथे मिसळू नका.

ज्या बायांचे सकाळी बोटांचे सांधे आखडतात, तासभर मूठ वळत नाही, त्यांना दम लागायला लागला तर वय झालं म्हणून सोडू नका. संधिवातात, म्हणजे रुमॅटॉइडमध्ये, शरीराचीच फौज बारीक नळ्यांवर उलटते. डोळे-तोंड कोरडे पडणाऱ्या शोग्रेनमध्येही तसंच. यात दोन प्रकार निघतात. एकात नळ्यांभोवती पेशींचे गोळे जमतात, तो संधिवाताचा इलाज घट्ट केला, स्टेरॉइड किंवा कमी डोसचं ऍझिथ्रोमायसिन दिलं की बरेचदा ऐकतो. दुसरा आवळणारा, तो हट्टी. म्हणून इथे छातीचा डॉक्टर आणि संधिवाताचा डॉक्टर दोघांनी एकमेकांशी बोलणं लागते, आणि आधीच्या सगळ्या गोळ्यांची यादी दोघांनाही दाखवावी लागते कारण काही औषधंच कधी कधी फुफ्फुसाला बाधतात.

म्हाताऱ्या माणसांत, लकवा मारून गेलेल्यांत, आणि रात्री आंबट पाणी घशाशी येणाऱ्यांत कारण साधं असते: अन्न नाहीतर ऍसिड थेंबाथेंबानं श्वासनळीत उतरते. इथे महागडी औषधं घरात रोवून ठेवली तरी काही नाही, जोवर बुढ्याला बाजेवर आडवं ठेवून वरण-भात भरवणं चालू आहे. बसवून भरवा, हनुवटी थोडी खाली, घास लहान, जेवल्यावर अर्धा-एक तास बसूनच ठेवा. पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज सोपी जाते का ते डॉक्टरला विचारून पाहा. रात्रीचं जेवण लवकर, बाजेच्या डोक्याकडच्या पायाखाली इटा. बस.

आता ऍझिथ्रोमायसिन. तीन दिवसाचा हा पत्ता लोक स्वतःहून मागतात, सर्दीला सुद्धा, आणि मी नाही म्हटलं तर बाजूच्या दुकानात जातात. पण याच कुळातल्या औषधाची एक खरी कमाल आहे. जपानमध्ये १९६९ च्या सुमारास डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिस नावाचा आजार ओळखला गेला, जुनं सायनस, ढीगभर बेडका, धाप, आणि १९७० च्या दशकात पाच वर्षं जगणारे साधारण ६३ टक्के. मग लक्षात आलं की एरिथ्रोमायसिन एकदम कमी डोसमध्ये, पण महिनोन् महिने दिलं तर पेशंट सुधारतात, १९८५ नंतरच्या पेशंटांत तोच आकडा ९१ टक्क्यांच्या घरात गेला. एवढ्या कमी डोसनं जंतू मरतात म्हणून नाही, सूज उतरते म्हणून. फुफ्फुस बदललेल्या लोकांत आणि बोन मॅरो बदललेल्यांत नळ्या आवळल्या की ऍझिथ्रोमायसिन वापरतात ते त्यामुळेच, मॅरोवाल्यांत सोबत फ्लुटिकासोनचा पंप आणि मॉन्टेलुकास्ट. पण आजार व्हायच्या आधीच खबरदारी म्हणून मॅरोवाल्यांना ते दिलं तर कॅन्सर परतण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि २०१८ ला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या सरकारी औषध खात्यानं, तसा इशारा काढला. बघा, औषध तेच, अवयव तोच, फक्त वेळ बदलली तर उलटं. म्हणून महिनोन् महिने हे घ्यायचं तर आधी ईसीजी, कानाची चौकशी, आणि बेडक्यात टीबीच्या जातीचे दुसरे जंतू नाहीत याची खात्री, कारण ते असले तर एकट्या ऍझिथ्रोनं ते औषधालाच दाद देईनासे होतात.

आवळलेल्या नळ्या परत मोकळ्या होत नाहीत, हे पेशंटला स्पष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर लोक शेत गहाण टाकून नागपूर-हैदराबाद-मुंबई करत बसतात. तिथे इलाजाचा हेतू एवढाच की आहे तेवढं टिकावं. ऑक्सिजन कमी असंल तर घरी मशीन, दरवर्षी फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस, रोज ठरवून चालणं न श्वासाचे व्यायाम, आणि दर काही महिन्यांनी फुंकून तोच आकडा वहीत लिहिणं. फारच खालावलं आणि वय बसत असंल तर फुफ्फुस बदलण्याचा विचार, तो मोठ्या शहरातच.

दाखवायला नागपूरचं मेडिकल, सेवाग्राम, यवतमाळ-अकोल्याचं सरकारी कॉलेज, जे जवळ पडते तिथल्या छाती विभागात जा. जुने एक्स-रे फेकू नका, सोबत न्या. डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगा: काय काम करता, आधी काय करत होते, कुटार-कबुतर-बिडी-विहीर-खाण यातलं काय, सांधे दुखतात का, घशाशी येते का, घरात कोणाला टीबी होता का, पुडी किती दिवस खाल्ली. ओठ निळे पडले, बोलताना वाक्य तुटायला लागलं, किंवा बोटाच्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा ९० च्या खाली गेला तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. आणि सिटी लिहून दिला असंल तर सेंटरवाल्याला आधीच विचारा की श्वास सोडूनही फोटो काढणार ना, नाही म्हणाला तर डॉक्टरकडून चिठ्ठीवर तसं लिहून आणा, पैसे तेवढेच लागणार आहेत का तेही तिथंच विचारून घ्या.